अपुरं पान

“मग मी काय रोज दुपारचं दुधनीच्या स्टेशनात बसून येत हुते का, वैनी? तेवढं सांगा. म्हंजे मी बी लोकास्नी तसंच सांगते.”

पिंकी सकाळपासून हे एकच विचारत होती. अंकितानं भरलेली बादली बाजूला ओढली, रिकामी नळाखाली सारली. आज पाण्याची पाळी होती, आणि नणंद रडते म्हणून नळ काही थांबणार नव्हता.

“मी तसं म्हटलंय का? जे आलं ते मी पाठवलं.”

“रिपोर्ट कुणी केला? तुमीच की.”

“केला म्हणजे मनानं नाही लिहिला, पिंकी. बायकांनी मोबाईलवर जेवढं भरलं तेवढंच माझ्याकडं येतं.”

“म्हंजे मी भरलंच न्हाय. म्हंजे मी खोटी.”

“ए, हळू गं,” अंकिताच्या सासूबाई, सोनाबाई, आतून म्हणाल्या. “ही काय आपली वस्ती न्हाय. हितं भितीला भीत हाय. पलीकडची बाई पीठ मळायची थांबलीय, मला ऐकू येतंय.”

पिंकी म्हणजे अंकिताच्या नवऱ्याची, अभिमन्यूची, धाकटी बहीण. दुधनीच्या मल्लिनाथला दिलेली. एक संस्था तालुक्यातालुक्यांत बायका नेमून घरोघरच्या बाळंतिणींना भेटी द्यायला लावते. तान्ह्या बाळाचं वजन करायचं, दूध पितंय का विचारायचं आणि सगळं तिथंच मोबाईलवर भरायचं. या भेटीला त्या बायका ‘व्हिजिट’ म्हणतात. पिंकीला ते काम अंकितानंच लावून दिलं होतं, कारण अंकिता स्वतः त्याच संस्थेचं काम जुळे सोलापुरातल्या या फ्लॅटमध्ये बसून करायची. बायकांनी भरलेलं सगळं संस्थेच्या सर्व्हरवर जमा होतं. ते महिन्याअखेरी उतरवून घ्यायचं, कुणी किती व्हिजिट केल्या याचा रिपोर्ट करायचा आणि पुण्याच्या ऑफिसला पाठवायचा.

या महिन्याच्या रिपोर्टात पिंकीच्या नावापुढं पहिल्या आठवड्याच्या व्हिजिट होत्या. त्यापुढं एकही नव्हती. सुपरवायझरनं ते लाल रंगात सगळ्यांच्या ग्रुपवर टाकलं आणि खाली लिहिलं, ‘आठवडाभर काम, नंतर गैरहजर.’ त्या ग्रुपात मल्लिनाथच्या चुलतभावाची बायकोही होती. दिवेलागणीपर्यंत ते पिंकीच्या सासरच्या ओट्यावर पोचलं. सासूनं आरडाओरडा केला नाही. एकच विचारलं. रोज जेवणं झाली की पिशवी खांद्याला लावून तू जात होतीस. काम केलं नाहीस असं तुझंच ऑफिस म्हणतंय. मग जात होतीस कुठं?

सकाळी मल्लिनाथनं तिला सोलापूरच्या गाडीत बसवून दिलं. पाठोपाठ निरोप आला, की पिंकीचे सासरे, ईरप्पा, दुपारच्या गाडीनं ‘बोलायला’ येतायत. लेक आधी आणि व्याही मागून आले, की बोलणं कशाचं असतं हे घरात कुणाला समजावून सांगावं लागलं नाही.

सोनाबाई ओल्या हातानं बाहेर आल्या आणि लेकीपुढं उभ्या राहिल्या. “पिंके, माझ्याकडं बघ. हितं कुणी परकं न्हाय. गेली हुतीस का न्हाय?”

“आई, तू बी?”

“मी बी म्हंजे? शिवणक्लासच्या नावाखाली पार्क चौकात भेळ खात बसायचीस, तवा धरलं हुतं का न्हाय तुला? तवा बी असंच डोळं भरून बघत हुतीस.”

पिंकी रडायचं थांबली. भिंतीला टेकून खाली बसली आणि आईकडं अशी बघत राहिली, की सोनाबाईंनाच मान वळवावी लागली.

अंकितानं नळ बंद केला. तिच्याही मनात तो शिवणक्लास सकाळपासून येऊन गेला होता. हे पिंकीला कळलं असणार, आणि कळलंय हेच अंकिताला जास्त टोचत होतं.

अंकिता केम गावची. स्टेशनाजवळ वडिलांची पिठाची गिरणी होती. गिऱ्हाइकाचं दळण मापात परत गेलं पाहिजे, नाहीतर बाई दारात येऊन चारचौघांत बोलते, एवढा एक धडा त्या घरात सगळ्या पोरींनी शिकलेला. ती बार्शीला कॉम्प्युटर शिकली, लग्न होऊन सोलापुरात आली. नोकरीसाठी पुण्याला जाऊ का म्हणून विचारलं तेव्हा सासरे हयात होते, त्यांनी नुसतं हसून घेतलं. मग हे घरबसल्या काम मिळालं. इस्त्रीच्या कपड्यांच्या ढिगाशेजारी घडीचं टेबल, त्यावर लॅपटॉप. सोनाबाई त्याला ‘टकटक’ म्हणायच्या. “अंकी टकटकीला बसलीय,” असं आल्यागेल्याला सांगताना त्यांच्या आवाजात निम्मी तक्रार असायची आणि निम्मी ऐट. ती मात्र कामाला पक्की होती. तिच्या रिपोर्टात चूक निघाली असं आजवर झालं नव्हतं, म्हणूनच पिंकीच्या नावापुढचं कोरं पाहून तिला आधी पिंकीचाच संशय आला.

“तुझा मोबाईल दे,” ती म्हणाली. “त्यात दिसेल काय भरलं ते.”

“सुपरवायझर बाई घिऊन गेली. मोबाईल बी, काटा बी.”

“मग एखादी व्हिजिट आठवून सांग. पहिल्या आठवड्यानंतरची. नाव सांग.”

“सगळ्याच आठवत्यात मला.” पिंकीचा आवाज आता चढा नव्हता. “शिवशरण म्हणून हाय, मळ्यात ऱ्हातो. त्याच्या बायकूचं बाळ. मी झबलं काढून वजन करा म्हणलं, तर त्याची आजी अंगावर आली. ‘उघडं करून दिष्ट लावतीस व्हय?’ म्हणली. मग मी काट्याला आधी माझी पिशवी टांगली, पिशवीची दिष्ट काढायला लावली, मग बाळ टांगलं. हसली म्हातारी. च्या बी दिला.”

असलं कुणी घरी बसून रचत नाही. अंकिता टेबलाशी गेली. संस्थेच्या साइटवर बाळंतिणीचं एकेक नाव घालून शोधायची सोय होती. ती कधी वापरावी लागत नसे, कारण महिन्याचं सगळं तिचा प्रोग्राम एका दमात उतरवून आणायचा. तिनं शिवशरणच्या बायकोचं नाव घातलं.

आलं. बाळाचं वजन, तारीख, भरणारीचं नाव. तारीख महिन्याच्या मधली होती.

अंकितानं स्वतःची फाईल उघडून तेच नाव शोधलं. फाईलमध्ये ते नव्हतं.

तिनं नाव परत टाईप करून पाहिलं.

“काय झालं?” पिंकी दारात येऊन उभी होती.

“थांब जरा.”

सर्व्हर काही सगळं एकदम ओतून देत नाही. शंभर-शंभर नोंदींचं एकेक पेज करून देतो. हे घेतलंत, आता पुढचं मागा. एकूण पेजेस किती, ते हा सर्व्हर सांगत नाही. कुठं थांबायचं ते मागणाऱ्यानं ठरवायचं. अंकितानं प्रोग्राम परत चालवला. तो पेज मागत गेला, मागत गेला आणि नेहमीसारखा शहाण्यागत थांबला. ज्या पेजवर थांबला त्यावरची शेवटची नोंद पिंकीची होती, पहिल्या आठवड्यातली. आणि त्या पेजवर नोंदी शंभराला चार-पाच कमी होत्या.

“हे पेज भरलेलं नाही...” ती स्वतःशीच बोलत होती. “म्हणून ह्याच्यापुढं पेज नाही, असं... ह्याच्या पुढचं पेज...”

“सकाळधरनं काय पेज पेज लावलंय,” सोनाबाई आतून म्हणाल्या. “पोटात दुखतंय का तुझ्या? तांदूळ हायेत, टाकू का पेज?”

अंकिताला हसू आलं नाही. तिनं पुढच्या पेजचा आकडा हातानं घातला. तिच्या हिशेबी तिथं काहीच यायला नको होतं.

स्क्रीन भरून नोंदी आल्या. पिंकी, पिंकी, पिंकी. मग तिच्यापुढच्या नंबरच्या बायका. त्यापुढचं पेजही भरलेलं. त्यापुढचंही.

“पिंकी,” ती म्हणाली, “तू केल्यास व्हिजिट.”

“मला सांगू नका. मला म्हाईत हाय.”

सोनाबाई आल्या. अंकितानं दोघींना समोर बसवलं, कारण हे आता व्याह्यांपुढं मांडायचं होतं आणि घरातच कळलं नाही तर त्यांना काय कळणार.

“आत्या, आमच्या केमला लग्नात बायका शेवटच्या पंगतीला बसतात. भिंतीकडंला उभ्या राहून बघत असतात. पंगत भरून बसली तर अजून एक होणार. अर्धीच बसली, म्हणजे माणसं संपली, ही शेवटची. मग त्या रिकाम्या पानांवर जाऊन बसतात, आणि आचारी पातेल्यावर झाकण घालतो.”

“सगळीकडं तसंच की.”

“मी ह्या प्रोग्रामला तेच शिकवलं होतं. शंभर पानं भरली तर पुढची पंगत मांड. कमी भरली तर शेवटची, झाकण घाल. वर्षभर बरोबर चाललं.” तिनं ओठ चावला. “पण नेट गेलं की बायका एकच व्हिजिट दोनदा पाठवतात. त्या दुबार नोंदी काढून टाका, असं मीच ऑफिसच्या मागं लागले होते. त्यांनी ह्या महिन्यापासून काढल्या. पण पंगत बसल्यावर काढल्या. शंभर बसवले आणि त्यातले चार-पाच उठवले. माझ्या प्रोग्रामला ती मधलीच पंगत शेवटची वाटली. दारात माणसं उभी होती आणि मी झाकण घातलं.”

सोनाबाई म्हणाल्या, “म्हंजे माझी लेक उपाशी ऱ्हायली तुझ्या पंगतीत.”

“व्हय,” अंकिता म्हणाली.

पिंकी उठली. तिला राग आला असेल असं अंकिताला वाटलं, पण ती मोरीत गेली, तोंड धुतलं, आणि पदरानं पुसत पुसत तिथनंच म्हणाली, “माझ्या फुडं कोण कोण हायेत, वैनी?”

ते अंकितानं अजून पाहिलं नव्हतं. नोंदी बायकांच्या नंबरानं लागत. जुन्या बायका आधी, नव्या शेवटी. पिंकीच्या पुढच्या सगळ्या तिच्या पाठोपाठ कामाला लागलेल्या. त्यांच्या नावावर तर एकही व्हिजिट दिसली नव्हती. सोलापुरातली इमामबी होती, केमची बाळाबाई होती, आणि बऱ्याच जणी. बाळाबाईला अंकिता लहानपणापासून ओळखत होती. नव्या बायका टिकत नाहीत, असं ऑफिसला आधीपासून वाटायचंच. रिपोर्ट पाहून कुणाला नवल वाटलं नाही, कुणी उलटून विचारलं नाही. सगळ्यांकडून मोबाईल आणि काटे परत मागवले होते.

अभिमन्यू जेवायला आला. तो औद्योगिक वसाहतीत स्टोअरला होता आणि दुपारचा स्कूटरवर घरी यायचा. त्याला दारातच सगळं कळलं. बहिणीच्या डोक्यावर हात ठेवून तो म्हणाला, “मला म्हाईतच हुतं,” आणि पिंकी म्हणाली, “काय म्हाईत हुतं? सकाळी फोन का उचलला न्हाईस मग?”

तो ताटावर बसला. “झालं ते झालं. पिंकीचं तेवढं दुरुस्त करून टाक, ईरप्पामामा यायच्या आत.”

“तेवढं कसं? सगळाच रिपोर्ट चुकलाय.”

“ते तू नंतर कर की. आज घरातलं बघ. आन् चूक माझी माझी करत बसू नगंस. मशीनची म्हण. तुझं काम पुढं चालू ठेवायचं का न्हाय ते त्यांनी पुढल्या म्हैन्यात ठरवायचंय.”

“मशीनचं नाव घिऊन भागतंय तर घे की,” सोनाबाई म्हणाल्या. “मशीन काय भांडायला येतंय व्हय?”

“आत्या, मामा मशीनवर विश्वास ठेवतील?”

अंकितानं पुण्याला मारिया मॅडमना फोन लावला. रिपोर्ट त्यांच्याच हाताखालून जायचा. तिनं सगळं सांगितलं.

“अंकिता, रिपोर्ट वर गेलाय,” मॅडम म्हणाल्या. “आता आपणच तो चुकीचा म्हणायचा? पुढच्या महिन्यात ॲडजस्ट करू. तुझ्या नणंदेचं मी सुपरवायझरशी बोलते, मोबाईल परत मिळेल तिला.”

“आणि बाळाबाईचा?”

“कोण बाळाबाई?”

अंकितानं ‘बरं’ म्हणून फोन ठेवला. जेवणारा हात थांबवून अभिमन्यू तिच्याकडं बघत होता. “काय म्हणल्या? झालं की. पिंकीचं करतायत ना?”

“पिंकीचं एकटीचं झालं तर दुधनीत काय म्हणतील? वैनी ऑफिसात हाय, वैनीनं झाकलं. पोरगी गेलीच नव्हती, आता कागद रंगवला. उलट पक्कं होईल.”

“अगं पण—”

“जिथं तिचं नाव लाल झालं तिथंच पुसलं पाहिजे. आणि सगळ्यांचं.”

तिनं मोबाईल घेतला. सगळ्यांच्या ग्रुपवर, जिथं ते लाल पान पडलं होतं त्याच्याच खाली, लिहिलं: ‘या महिन्याचा रिपोर्ट चुकीचा आहे. नव्या ताईंच्या व्हिजिट सर्व्हरवर आहेत, त्या माझ्याकडून उतरवायच्या राहिल्या. चूक माझी आहे, ताईंची नाही.’ खाली एकेक नाव आणि खऱ्या व्हिजिट. शेवटी स्वतःचं पूर्ण नाव. तेच मेलनं ऑफिसला, दुरुस्त फाईल जोडून.

“पाठवलंस?” अभिमन्यूनं विचारलं.

“पाठवलं.”

तो ताटावरून उठला. भाकरी तशीच राहिली. बायको इंजिनिअर आहे असं तो भावकीत सांगायचा. आता त्याच भावकीत हे जाणार होतं, आणि त्याच्या चेहऱ्यावर ते आत्ताच गेल्यासारखं दिसत होतं.

खाली रिक्षा थांबल्याचा आवाज आला.

ईरप्पा दारात आले, चप्पल काढली, पाणी घेतलं. पिंकी आत उभी राहिली. थकलेला, सरळ माणूस होता. तिकडच्या बऱ्याच घरांसारखं घरात कानडी बोलायचं आणि व्याह्यांकडं आलं की मराठी. त्यांनी अंकिताचं सगळं ऐकून घेतलं. मध्ये मध्ये कानडीत “हौद, हौद”, म्हणजे हो हो, म्हणत मान हलवत राहिले. शिवशरणच्या आजीची आणि पिशवीच्या दिष्टीची गोष्ट ऐकून जरा हसलेही.

“मला पटलं,” ते म्हणाले. “म्हातारीला मी वळखतो. तशीच हाय ती.”

सोनाबाईंनी सुस्कारा सोडला. तो लवकर सोडला.

“पन बाई,” ईरप्पा अंकिताला म्हणाले, “हे लिवलं कुणी? तुमी. तुमी हिच्या वैनी. माझी पुतणसून वाचून दावील घरात, आन् माझी बायकू काय म्हणंल? भावजयीनं नणंदंला वाचिवलं. गल्लीतल्या बाया काय म्हणतील? आज सकाळी नळावर त्याच बोलत हुत्या. तितं मोबाईल कोन वाचतंय? तोंडं बोलत्यात. माझ्या एकट्याच्या पटण्यानं तोंडं मिटत न्हाईत.”

“मग काय करावं म्हणता?” अभिमन्यूनं विचारलं.

“ऱ्हाऊ द्या हितं. चार म्हैने ऱ्हाऊ द्या. लोकं इसरत्यात. मग मल्लू येऊन घिऊन जाईल. आन् ती नोकरी मात्र नगं.”

हे सगळं ते मऊ आवाजात बोलले. भांडायला आलेच नव्हते. त्यामुळं भांडताही येईना. अभिमन्यू फरशीकडं बघत राहिला. सोनाबाईंनी पदर सावरला, आणि त्या ‘बरं’ म्हणणार हे त्यांच्या ओठांवर दिसलं. चार महिने माहेरी ठेवलेल्या पोरीला गल्ली विसरत नाही, तिच्याबद्दल एक गोष्ट तयार करते. हे त्या खोलीत सगळ्यांना ठाऊक होतं. दारामागं पिंकीच्या बांगड्या वाजल्या आणि थांबल्या.

“आत्या, थांबा,” अंकिता म्हणाली.

ती उठून उभी राहिली. व्याह्यांसमोर सुनेनं असं उभं राहून बोलायची या घरात रीत नव्हती.

“मी उद्या सकाळच्या गाडीनं दुधनीला जाणार आहे. पिंकी माझ्याबरोबर येईल, तिच्या घरी. मामा, तिच्या सासूबाई आमच्यासोबत फिरतील. पिंकीनं ज्या ज्या घरात बाळ जोखलं, त्या सगळ्या घरांत जायचं आणि विचारायचं त्यांनीच. मी बोलणार नाही. सगळी घरं होईस्तवर मी तिथंच राहणार, किती दिवस ते मला माहीत नाही. आत्या, तोवर इथल्या जेवणाचं तुम्ही आणि ह्यांनी बघा.”